दाढ आणि दिनविशेष

माझ्या वडिलांना गाता येत नाही. आरतीला ते नुसत्या टाळ्या वाजवतात, त्याही सगळ्यांच्या मागून. पण कुठल्या तारखेला कुठलं गाणं रेकॉर्ड झालं, कुठल्या गायकाचा जन्म झाला, कुठल्या संगीतकाराची कुठल्या गीतकाराशी कायमची फाटली, हे विचारायचं असेल तर नाशिकच्या अख्ख्या पाथर्डी फाट्यावर त्यांच्याएवढा जाणकार माणूस नाही. न विचारताही ते सांगतात.

त्यांच्या सोसायटीच्या गेटपाशी एक काळा फळा आहे. पाणी, लिफ्ट, वर्गणी वगैरे सूचनांसाठी तो लावला होता. वडील निवृत्त झाले आणि पुढच्या आठवड्यात तो फळा त्यांनी ताब्यात घेतला. शाळेत असतो तसा दिनविशेष, पण फक्त गाण्यांचा. रोज सकाळी सात वाजता आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते खाली उतरतात, ओल्या फडक्याने फळा पुसतात, तो वाळेपर्यंत थांबतात आणि मग मोत्यासारख्या अक्षरात लिहितात, 'आजचा संगीत दिनविशेष'. खाली तीन-चार ओळी. सूचनांना तळाशी चार बोटं जागा उरते.

त्यामुळे एकदा गंमत झाली. वर एका फार मोठ्या संगीतकाराचा स्मृतिदिन होता आणि खाली लगेच, 'आज पाणी येणार नाही.' तिसऱ्या मजल्यावरच्या काकू वर येऊन आईला म्हणाल्या, "माणूस मोठा होता हे मान्य, पण दुखवटा एवढा कडक कशाला?"

वडील सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेले सुटे भाग तपासले. त्यांच्याकडे एक दोन टोकांचं गेज असायचं. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तरच माल पास. घरातही त्यांनी हे गेज अदृश्य स्वरूपात बाळगलं. आईच्या भाकरीचा काठ, माझ्या वहीचा समास, सगळं तपासलं जायचं. माझं लग्न ठरताना त्यांनी मनमाडला दोन वेगवेगळ्या माणसांकडे नवऱ्याची चौकशी केली, दोघांची उत्तरं जुळली तेव्हाच स्थळ पास झालं. नवरा रेल्वेत आहे. गाड्या वेळेवर येत नाहीत याबद्दल वडील अजून त्यालाच जबाबदार धरतात.

फळ्यालाही हाच नियम. दोन पुरावे असल्याशिवाय नोंद नाही. पेपरातलं एक कात्रण चालत नाही, दुसरं लागतं. नाहीतर रेडिओवर निवेदकाने सांगितलेलं, वेळेसकट टिपून ठेवलेलं. हे सगळे पुरावे तीनशे सहासष्ट खाकी पाकिटांत आहेत, एका दिवसाचं एक पाकीट, आणि ती पाकिटं बिस्किटांच्या बारा पत्र्याच्या डब्यांत. एकोणतीस फेब्रुवारीचं पाकीट चार वर्षांनी उघडतं. नाशिककरांना सिंहस्थाची वाट बघायची सवय असते, त्यामुळे आम्हाला त्याचं काही वाटत नाही.

एवढी जय्यत तयारी असून वर्षातून एक दिवस फळा कोरा असायचा. गणपतीच्या आगेमागेच कधीतरी. फळा पुसलेला, वाळलेला, वर शीर्षक, खाली काही नाही. सोसायटीतले एक निवृत्त गुरुजी दर वर्षी न चुकता वर यायचे. "अहो, आज एवढ्या मोठ्या गायिकेचं पहिलं गाणं रेकॉर्ड झालं. तुमच्याकडून हे राहावं?" वडील म्हणायचे, "राहिलं खरं." बस्स. एरवी चुलीवरच्या दुधासारखा उसळणारा माणूस त्या दिवशी चूक मुकाट कबूल करायचा. गुरुजी जिना उतरताना इतके खूश असायचे की आम्हाला वाटायचं, त्यांच्यासाठीच ही सोय ठेवली असावी.

आता आई. आई मखमलाबादकडची, फुलं पिकवणाऱ्या घरातली. झेंडू तोडता तोडता गाणारी मुलगी सातपूरच्या कामगार वसाहतीत सून म्हणून आली, आणि दुसऱ्याच वर्षी वसाहतीच्या गणपतीत, ऑर्केस्ट्राची ठरलेली गायिका आली नाही म्हणून, हिला शेजारणींनी स्टेजवर ढकललं. मी तेव्हा पोटात होते. गौरी जेवल्या त्या दिवशी, सोळा भाज्यांचा स्वयंपाक उरकून, हळदीच्या हातांनी तिने माइक धरला. दोन गाणी म्हटली. लोक उभे राहिले. शाल मिळाली, नारळ मिळाला. मग माझा जन्म झाला, मग सासू आजारी पडली, मग हे, मग ते, आणि आई पुन्हा कधी स्टेजवर चढली नाही.

ही गोष्ट ती अशी कधीच सांगत नाही. तिची गोष्ट एका वाक्याची आहे. "माझ्या गाण्याच्या दिवशी यांची दाढ दुखली."

लग्नात, बारशात, भिशीत, जिथे चार बायका जमतील तिथे हे वाक्य यायचं. त्या दिवशी वडिलांची दुसरी पाळी होती. आई शाल-नारळ घेऊन हरखून घरी आली, तर नवरा गाल सुजवून, तोंडात कापसाचा बोळा धरून भिंतीकडे तोंड करून झोपलेला. दाढ काढली होती. कार्यक्रमाला आला नव्हताच. वर 'कसं झालं' हे विचारायलाही तोंड नव्हतं. बायका पदराआड हसायच्या, वडील पेपर तोंडासमोर धरायचे. आई हे वाक्य इतकं झोकात टाकायची की तिने गायलेल्या दोन गाण्यांपेक्षा तेच जास्त गाजलं.

हसण्यावारी नेलं तरी आत काहीतरी होतं. फळा सुरू झाला तेव्हापासून दर वर्षी गौरी जेवल्या की ती खिडकीतून एकदा गेटकडे बघायची. गौरी तिथीने येतात, तारखेने नाही. एका वर्षी या तारखेला, दुसऱ्या वर्षी त्या. फळ्यावर त्या दिवशी कुठल्यातरी पार्श्वगायकाचा वाढदिवस असायचा. ती पुरणाचं पातेलं जरा जोरात आपटायची.

या वर्षी श्रावणात तिच्या गळ्याशी गाठ निघाली. साधी होती, पण काढायची होती. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आवाजाची नस तिथूनच जाते, ते जपतीलच, तरी आवाज जरा बदलू शकतो. शिवाय नंतर आठ दिवस अजिबात बोलायचं नाही. हे ऐकून आम्ही सगळे डॉक्टरांकडे सहानुभूतीने बघायला लागलो.

मी मनमाडहून राहायला आले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी चहा झाल्यावर आई वडिलांना म्हणाली, "अहो, एकदा माझं पण लिहा की फळ्यावर."

वडिलांनी कप खाली ठेवला. "काय लिहू?"

"मी गायले होते ते. आवाज हाय तोवर बघीन म्हणते." आई एरवी शहरातलं बोलते, पण मनातलं बोलायला लागली की मखमलाबाद बाहेर येतं.

वडील म्हणाले, "तारीख कुठाय? तू तिथी सांगतेस. तिथी फळ्याला चालत नाही. आणि पुरावा?"

मामा तिथेच होता, आईचा धाकटा भाऊ. बहिणीसाठी मळ्यातली फुलं आणि दुधीभोपळा घेऊन आलेला. तो म्हणाला, "दाजी, लिहून टाका ना. पुरावा मी हाय."

"तुम्ही होतात का तिथे?"

"मी कसा असंन? गौरीचा दिवस, मार्केटला लय गर्दी. झेंडू कोण नेणार?"

"मग पुरावा कसला?"

मामाने दुधीभोपळ्याकडे बघितलं. आई उठली, कप उचलले. "नाय लिहायचं तर नका लिहू. आवाज गेला की स्मृतिदिन लिहा," म्हणाली आणि आत गेली.

मला वडिलांचा भयंकर राग आला. जन्मभर लोखंड तपासून माणूस लोखंडाचा होतो की काय! आठवड्याला कुणा अनोळखी गायकाच्या तिसऱ्या रेकॉर्डसाठी खडू झिजवतात, आणि घरात चाळीस वर्षं भाकऱ्या थापणाऱ्या गायिकेला दोन ओळी नाहीत. मी तिथल्या तिथे ठरवलं की पुरावा मी शोधणार, त्यांच्या डब्यात नेऊन कोंबणार आणि मग बघते कसे लिहीत नाहीत.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट पार पडलं. वडील तिच्याजवळ बसले आणि मी कपडे आणायला घरी आले. तारीख काढणं अवघड नव्हतं. मी पोटात होते म्हणजे साल नक्की. त्या सालच्या गौरी कधी होत्या हे मोबाइलमधल्या पंचांगाने क्षणात सांगितलं. तारीख निघाली ती चारच दिवसांवर होती. मी ती इथे लिहीत नाही. वडील वाचतील आणि पुरावा मागतील.

एका कागदावर मी लिहिलं, 'पुरावा क्रमांक एक : पंचांग.' डबा काढला, त्या तारखेचं पाकीट काढलं, आणि कागद आत सरकवायला गेले तर आत काहीतरी टणक लागलं.

पाकीट टेबलावर उपडं केलं. कारखान्याचा पिवळा पडलेला गेट पास निघाला. तारीख तीच. बाहेर जाण्याची वेळ पावणेसहा. कारण, दाढदुखी. त्याला टाचणीने लावलेली दातांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, उजवीकडची खालची दाढ काढली. आणि स्क्रूचे नमुने ठेवतात तसली एक छोटी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात एक दाढ. पिशवीला दोऱ्याने बांधलेलं तपासणी खात्याचं हिरवं लेबल. त्यावर वडिलांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'तपासले. दोष नाही.'

मी चिठ्ठी आणि लेबल शेजारी शेजारी ठेवून परत वाचलं.

तेवढ्यात कोऱ्या फळ्याचाही उलगडा झाला. हीच तारीख. गुरुजी दर वर्षी जिना चढून यायचे तो हाच दिवस. आई गौरी जेवल्या की खिडकीतून बघायची, आणि वडील आठ-दहा दिवस आधी नाहीतर नंतर, आपल्या तारखेला, फळा पुसून काही न लिहिता वर यायचे. दोघंही एकच दिवस पाळत होते, वेगवेगळ्या दिवशी.

वडील जेवायला घरी आले. मी ताटाशेजारी पिशवी ठेवली. त्यांनी ती बघितली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"दुखत नव्हती?" मी विचारलं.

"नाही."

"मग काढली कशाला?"

"पाळी सोडायला परवानगी नव्हती. माल जायचा होता. फक्त दुखणं असेल तरच गेट पास मिळायचा. आणि दाढदुखी सांगून सिनेमाला जाणारे आमच्यात पुष्कळ होते, म्हणून मीच साहेबांना सुचवलं होतं की नुसत्या गोळीवर सोडू नका. दाढ काढल्याची चिठ्ठी आणली तरच घरी जाऊ द्यायचं, नाहीतर परत कामावर." त्यांनी ताट जवळ ओढलं. "नियम चांगला होता."

मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. "डॉक्टरांनी चांगली दाढ काढली?"

"तीनदा विचारलं त्यांनी, नक्की हीच का. मी म्हटलं, हीच, फार दुखते."

"म्हणजे तुम्ही गाणं ऐकलंत?"

"दोन्ही. मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून. ती उतरायच्या आत घरी येऊन पडलो."

"आणि चाळीस वर्षं सांगितलं नाहीत?"

वडिलांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "खोटा कागद होता तो. माझ्या हातून गेलेला तेवढा एकच. तिला सांगितलं असतं तर तिने मामाला सांगितलं असतं, म्हणजे फुलबाजारात पुकारा. तिथून कारखान्यात जायला कितीसा वेळ. निवृत्त होईपर्यंत हिंमत झाली नाही. आणि तोपर्यंत तिचं ते वाक्य इतकं बसलं होतं. चार माणसांत म्हणायची, लोक हसायचे, तिला बरं वाटायचं. तिचं एवढं एकच गाणं चाललेलं, ते कसं काढून घेऊ?"

"मग आता लिहा. दोन पुरावे आहेत."

"इन्स्पेक्टरने स्वतःचा माल स्वतः पास करायचा नसतो. दुसऱ्याने तपासावा लागतो."

"मी तपासते."

"तू पोटात होतीस. तू तिच्या पार्टीची."

एवढं म्हणून ते जेवले, पिशवी पाकिटात घातली, पाकीट डब्यात ठेवलं आणि दवाखान्यात निघून गेले. या माणसाला ढकलून उपयोग नसतो, तो गेला तर आपल्या मापाने आत जातो.

आई ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी घरी आली. गळ्याला पट्टी, हातात पाटी. बोलायचं नाही म्हणून मामाने तिला नातवंडाची खडूची पाटी आणून दिली होती. तिने पहिला दिवस 'भाजीत मीठ नाही' आणि 'पंखा कमी करा' एवढ्यावर काढला. फळ्याचा विषय तिने काढला नाही. वडिलांकडे ती बघतही नव्हती.

त्याच्या दुसऱ्या दिवशी ती तारीख होती. वडील सातऐवजी साडेसहालाच खाली गेले. वर आले ते तासाभराने, शर्टावर खडू, इस्त्री मोडलेली. आईला म्हणाले, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चल, गेटपर्यंत जाऊ." ती मान हलवत होती, मीच तिला हाताला धरून उठवलं.

फळ्यासमोर गुरुजी आधीच उभे होते. वर्षाची चूक दाखवायला आले होते बिचारे, पण हातातली पिशवी तशीच धरून वाचत राहिले होते. फळा भरलेला होता. खाली सूचनेला चार बोटंही जागा नव्हती.

'आजचा संगीत दिनविशेष. आजच्या दिवशी सातपूरच्या कामगार वसाहतीत गणपतीसमोर आमच्या घरच्या गायिकेने दोन गाणी म्हटली. दुसऱ्या गाण्याचं दुसरं कडवं तिला आठवलं नाही, म्हणून पहिलंच पुन्हा म्हटलं, आणि ते आधीपेक्षा चांगलं म्हटलं. पुरावा एक : त्या कार्यक्रमासाठी काढलेली निर्दोष दाढ. पुरावा दोन : शेवटच्या खांबाला टेकून उभा असलेला माणूस. तपासणी बाकी.'

आईने एकदा वाचलं. मग परत वरून वाचायला लागली. कडव्यापाशी आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला. आम्ही जन्मात कधी ऐकलं नव्हतं की ती कडवं विसरली होती. ते फक्त तिला माहीत होतं. आणि त्याला.

वडिलांनी खिशातून ती पिशवी काढून तिच्या तळहातावर ठेवली. हिरव्या लेबलासकट. आईने लेबल वाचलं. मग तिने वडिलांच्या उजव्या गालाकडे बघितलं, जिथे चाळीस वर्षं दात नसल्याने जरा खड्डा आहे. तिला बोलायचं होतं. तोंड उघडलं आणि डॉक्टरांची आठवण होऊन मिटलं. डोळे मात्र कुणी मिटायला सांगितले नव्हते, ते घळाघळा वाहत होते.

वडिलांनी खडू पुढे केला. तिने तो घेतला आणि 'शेवटच्या खांबाला टेकून उभा असलेला माणूस' याच्या पुढे मोठ्या अक्षरात लिहिलं, 'खोटारडा.'

"कडव्याचं तरी खरं ना?" वडिलांनी विचारलं.

तिने पदराने 'तपासणी बाकी' पुसलं आणि तिथे लिहिलं, 'ओके'.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नवा दिनविशेष आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. गुरुजींनी तक्रार केली नाही.

आठवडा संपला, डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. आवाज बसलेला होता, पूर्वीपेक्षा जाड, मध्येच तुटणारा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू तब्येत विचारायला आल्या, आणखी दोघी-तिघी आल्या, चहा झाला. आई उशीला टेकून बसली होती. वडिलांनी सवयीने पेपर उचलून तोंडासमोर धरला.

"काय सांगू," आई त्या नव्या आवाजात म्हणाली, "माझ्या गाण्याच्या दिवशी यांची दाढ..." आणि थांबली. बायका हसायच्या तयारीत होत्या.

"दुखत नव्हती," ती म्हणाली.